हेडलेस गिटार घेऊ का? स्ट्रँडबर्ग आणि तिच्यासारख्या ‘वेगळ्या’ ब्रँडबद्दल

तुझा प्रश्न थोडक्यात असा, की तू बरीच वर्षं स्ट्रॅट टाइपची (फेंडर कंपनीच्या स्ट्रॅटोकास्टरसारखी) गिटार वाजवतोयस, ओळखीतला एक जण त्याची वापरलेली सहा तारांची हेडलेस गिटार, स्ट्रँडबर्ग कंपनीची बोडेन, लाखाच्या आसपास विकतोय, दोन तास उभं राहून वाजवलं की तुझा डावा खांदा आणि पाठ भरून येते म्हणून हलकी गिटार हवीय, पण बँडमधले म्हणतात की डोकं (वरचं खुंट्यांचं टोक) नसलेली गिटार ही नुसती फॅशन आहे, काही वर्षांनी कोणी विचारणार नाही, त्याच पैशात फेंडर घे. तू राहतोस सांगलीत आणि गिग असतात कोल्हापूर-पुण्याकडे. आणि शेवटी विचारलंयस, ‘हा ब्रँड पैसे टाकण्यालायक आहे का?’

मी पुण्यात गिटारींचे सेटअप आणि रिपेअर करतो, माझ्या टेबलावर असल्या वेगळ्या गिटारी नेहमी येतात, आणि मला त्या मनापासून आवडतात हे आधीच सांगून ठेवतो. ब्रँड चांगला आहे, त्यात शंका नाही. पण तेवढ्याने तुझा निर्णय होत नाही. तुला ठरवायचंय ते असं की ही गिटार नेमकी कुठे वेगळी आहे, तो वेगळेपणा तुझी अडचण सोडवतो का, आणि तोच वेगळा भाग उद्या बिघडला तर सांगलीत बसून तू काय करणार. कुठलीही विचित्र गिटार समोर आली की मी हे तीनच प्रश्न विचारतो, ब्रँडचं नाव नंतर बघतो.

आधी ‘वेगळी’ म्हणजे काय ते नीट बघू, कारण लोक सगळं एकाच पोत्यात भरतात. काही गिटारींचा फक्त आकार वेगळा असतो. गिब्सनने 1958 मध्ये फ्लाइंग व्ही काढली तेव्हा लोकांना ती झेपली नाही, सुरुवातीच्या दोन वर्षांत शंभरच्या आत विकली गेली आणि कंपनीने ती बंद केली, नंतर परत आणली आणि आज ती जगभर ओळखीची आहे. पण व्हीचे ट्यूनर (तार ताणायच्या खुंट्या), ब्रिज (बॉडीवर तारा टेकतात तो भाग), पिकअप (तारेचं कंपन पकडणारा भाग) सगळे नेहमीचेच. आकार आवडत नसेल तर घेऊ नको, पण रिपेअरची चिंता शून्य. दुसरा प्रकार म्हणजे मटेरियल वेगळं. नॅथन डॅनियलने 1947 मध्ये डॅनइलेक्ट्रो सुरू केली, पुढे लाकडी चौकटीवर मेसोनाइट, म्हणजे आपण कपाटाच्या पाठीला वापरतो तसला हार्डबोर्ड, लावून गिटारी बनवल्या, पिकअपला लिपस्टिकच्या नळीसारखी नळी. ऐकायला स्वस्तातलं काम वाटतं, पण आतली रचना इतकी साधी की कुठलाही हुशार मेकॅनिक उघडून दुरुस्त करेल, म्हणूनच त्या जुन्या डॅनइलेक्ट्रो अजून वाजतायत.

तिसरा प्रकार म्हणजे ज्यात पार्टच वेगळे असतात, आणि जपून राहायचं ते इथे. पार्कर फ्लाय घे. केन पार्कर आणि लॅरी फिशमन यांनी 1993 मध्ये आणलेली, लाकडाच्या पातळ गाभ्यावर कार्बन-ग्लास फायबरची कातडी, स्टेनलेस फ्रेट (नेकवरच्या, म्हणजे दांड्यावरच्या, धातूच्या आडव्या पट्ट्या) चक्क चिकटवलेले, आत रिबन केबल आणि सर्किट बोर्ड. हातात घेतली की वाटतं हीच खरी इलेक्ट्रिक गिटार, इतकी सुंदर वाजते. पण कंपनीचं उत्पादन बंद झालं, आता ती रिबन केबल गेली किंवा फ्रेट निघाला तर ते काम माहीत असणारा माणूस शोधत फिरावं लागतं. मी पार्कर घेऊ नको असं कोणालाच सांगत नाही, पण ती तुझी एकमेव गिटार असू नये असं नक्की सांगतो.

आता हेडलेस. ही कल्पना कालची नाही त्यामुळे ‘काही वर्षांची फॅशन’ हा मुद्दा मला पटत नाही. नेड स्टाइनबर्गर हा मूळचा फर्निचर डिझाइन करणारा माणूस, त्याने 1980 च्या सुमारास ग्राफाइट कंपोझिटचा, हेडस्टॉक, म्हणजे डोकं, नसलेला बास गिटार बाजारात आणला आणि नंतर गिटार. गेडी ली, स्टिंग या नावाजलेल्या बासवादकांनी ते बास वाजवले, गिटारवादक ॲलन होल्ड्सवर्थ वर्षानुवर्षं हेडलेस वाजवत राहिला. 1987 मध्ये गिब्सनने ती कंपनी घेतली, नंतर हेडलेस थोडी मागे पडली. मग स्वीडनच्या ओला स्ट्रँडबर्गने 2007 पासून स्वतःच्या हौसेने एर्गोनॉमिक गिटारवर काम सुरू केलं आणि त्यातून ही कंपनी उभी राहिली. आज इबानेझसारखी मोठी कंपनीसुद्धा 2021 पासून क्यू सिरीजमध्ये हेडलेस काढते. म्हणजे चाळीस वर्षांहून जुनी कल्पना आहे आणि आता तिला मोठा खेळाडूवर्ग आहे.

तुझ्या खांद्याकडे येऊ, कारण तुझ्या प्रश्नाचं मूळ तिथे आहे. साधारण स्ट्रॅट साडेतीन किलोच्या आसपास असते, गिब्सनची लेस पॉल चार-साडेचारला सहज जाते, आणि सहा तारांची बोडेन बहुतेक करून दोन ते अडीच किलोत बसते. किलोभराचा फरक दोन तासांत खांद्याला नक्की जाणवतो. पण वजनापेक्षा बॅलन्सचा फरक मला जास्त महत्त्वाचा वाटतो. नेकच्या टोकाला हेडस्टॉक आणि सहा ट्यूनर लटकलेले असतात, ते वजन अगदी टोकाला असल्यामुळे नेक खाली झुकायला बघते, मग डावा हात नकळत नेक तोलून धरतो, मनगट आणि खांदा त्यात दमतात. हेडलेसमध्ये ते वजन जाऊन ब्रिजच्या बाजूला येतं, गिटार सोडली तरी जागेवर राहते. स्ट्रॅट तशी फार झुकणारी गिटार नाही हेही खरं, त्यामुळे तुला फायदा मुख्यतः वजनाचा होईल, बॅलन्सचा थोडा कमी.

पण एक गोष्ट आधी कर. चांगला रुंद, आतून मऊ पट्टा घे, तीन-साडेतीन इंची, आणि गिटार एक-दोन इंच वर बांधून महिनाभर वाजव. कमरेखाली गिटार लटकवून वाजवणाऱ्यांचं निम्मं दुखणं तिथेच असतं. त्याने फरक पडला तर लाख रुपये वाचले. आणि दुखणं वाजवत नसतानाही राहत असेल, हाताला मुंग्या येत असतील, तर गिटार बदलण्याआधी डॉक्टरला दाखव, त्यात दिरंगाई करू नको प्लीज.

बरं, आता स्ट्रँडबर्गचा दुसरा वेगळेपणा, तो बऱ्याच लोकांना घेतल्यावर कळतो. तिच्या नेकचा मागचा भाग गोल नसतो, त्याला सपाट पैलू असतात आणि ते पैलू नेकवर खालून वर जाताना सरकत जातात, त्याला ते एंड्युरनेक म्हणतात. अंगठा नेकच्या मागे सपाट टेकवून वाजवणाऱ्याला हे पहिल्या पाच मिनिटांत विचित्र आणि पंधराव्या मिनिटाला नैसर्गिक वाटतं. पण तू ब्लूज वाजवत असशील, अंगठा वरून आणून सहावी तार दाबत असशील, बेंड करताना (तार बाजूला ओढून सूर चढवताना) नेक तळव्यात घट्ट धरत असशील, तर ते पैलू टोचल्यासारखे वाटू शकतात. हे पूर्णपणे हातावर अवलंबून आहे, मी कितीही लिहिलं तरी तुझा हातच सांगेल. म्हणून दहा मिनिटं वाजवून निर्णय घेऊ नको. तासभर वाजव, अर्ध उभं राहून, अर्ध बसून, तुझ्या सेटमधलीच गाणी वाजव.

फ्रेट तिरके असतात त्याची भीती मात्र सोड. जाड तारेला थोडी जास्त लांबी आणि बारीक तारेला थोडी कमी, एवढाच हेतू असतो, जाड तार ताठ राहते आणि बारीक तार बेंडला मऊ राहते. सहा तारांच्या बोडेनमध्ये हा फरक साधारण 25.5 इंच ते 25 इंच, म्हणजे जेमतेम अर्धा इंच, डोळ्याला तिरकं दिसतं पण बोटांना पहिल्या दिवसातच सवय होते. आठ तारांच्या गिटारीत फरक मोठा असतो, तिथली गोष्ट वेगळी.

आवाजाबद्दल तुझे मित्र म्हणतात की बॉडी लहान म्हणून आवाज पातळ. इलेक्ट्रिक गिटारमध्ये ॲम्पकडे जातं ते तारेचं कंपन पिकअपने पकडलेलं, त्यामुळे पिकअप, तारा, पिक, ॲम्प आणि स्पीकर यांचा वाटा इतका मोठा आहे की बॉडीच्या आकाराचा फरक बँडमध्ये ड्रम-बास सुरू झाल्यावर ऐकू येत नाही. हेडस्टॉक काढल्याने एक गोष्ट खरंच बदलते, ती म्हणजे डेड स्पॉट, नेकवरची एखादी जागा जिथे नोट लवकर मरते. नेक स्वतः तिथल्या फ्रिक्वेन्सीला हलते आणि तारेची शक्ती खाते म्हणून हे होतं, टोकाचं वजन काढलं की त्या जागा सरकतात. एखाद्या गिटारीत सुधारतात, एखादीत दुसरीकडे जातात. म्हणून प्रत्येक तारेवर प्रत्येक फ्रेट वाजवून बघ, ॲम्प बंद ठेवून, नोट किती वेळ टिकते ते ऐक. तुझ्या सिंगल कॉइलची (एका वेटोळ्याच्या पिकअपची) सवय असलेल्या कानाला बोडेनचे हंबकर (दोन वेटोळ्यांचे पिकअप) मात्र वेगळे वाटतील, तो फरक पिकअपचा आहे, हेडलेसचा नाही.

आता मुख्य भाग, हार्डवेअर. इथे मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण माझ्याकडे येणाऱ्या हेडलेस गिटारींच्या बहुतेक तक्रारी इथल्याच असतात.

नेहमीच्या गिटारमध्ये तार खुंटीला गुंडाळतो. हेडलेसमध्ये तारेचा बॉल ब्रिजच्या बाजूला अडकतो, दुसरं टोक नेकच्या वरच्या टोकाला स्क्रूखाली दाबलं जातं, आणि ट्यूनिंग ब्रिजमागच्या गोल नॉबने होतं. नटच्या, म्हणजे नेकच्या वरच्या टोकाला तारांसाठी खाचा असलेल्या पट्टीच्या, जागी झिरो फ्रेट, म्हणजे एक जादा फ्रेट, असतो. याचे फायदे खरे आहेत, खुंटीवरचे वेढे नाहीत, नटमध्ये तार अडकत नाही, त्यामुळे नवी तार लवकर स्थिर होते. पण तुला आता एक ॲलन की कायम पट्ट्याला किंवा केसमध्ये ठेवावी लागेल, स्टेजवर तार तुटली आणि की नाही तर तू थांबलास. फ्लॉइड रोझ (तारा स्क्रूने घट्ट पकडणारा एक प्रकारचा ब्रिज) वाजवलेल्यांना ही सवय असते, स्ट्रॅटवाल्यांना नसते.

सगळ्यात मोठा प्रश्न तारांचा. जुन्या पद्धतीच्या स्टाइनबर्गरला दोन्ही टोकांना बॉल असलेल्या खास तारा लागतात. मोठ्या कंपन्या त्या बनवतात पण सांगली सोड, पुण्यातसुद्धा दुकानात जाऊन हमखास मिळतील असं नाही, ऑनलाइन मागवून साठा ठेवावा लागतो, किंवा साध्या तारा बसवायचा ॲडॅप्टर लावावा लागतो. स्ट्रँडबर्गला साध्या तारा चालतात, कुठल्याही म्युझिकच्या दुकानातल्या. हा एकच मुद्दा तुझ्यासारख्या मोठ्या शहराबाहेर राहणाऱ्यासाठी माझ्या मते निम्मा निर्णय करतो.

दुसरं, नॉब. तार ताणलेली असते तेव्हा ते बोटांनी फिरवायला जड जातात, घामट हाताने तर आणखीच. गाण्यांच्या मध्ये सहावी तार ड्रॉप डीला, म्हणजे एक सूर खाली, उतरवून परत वर करायची सवय असेल तर हे आवर्जून करून बघ. आणि आतले थ्रेड बारीक असतात, त्यात घामाचं मीठ आणि धूळ बसली की नॉब करकरायला लागतो, तरी लोक जोर लावून फिरवत राहतात आणि थ्रेड झिजतो. कोकणातून, गोव्यातून आलेल्या गिटारींच्या सॅडलचे (ब्रिजवर तार टेकते त्या तुकड्याचे) स्क्रू मी गंजून एकजीव झालेले बघितलेत. उपाय सोपा आहे, वाजवून झाल्यावर ब्रिज कोरड्या कापडाने पुसायचा, तारा बदलताना ब्रशने धूळ काढून थ्रेडला अगदी थेंबभर हलकं तेल, पावसाळ्यात केसमध्ये सिलिका जेल. हे नेहमीच्या गिटारला टाळलं तरी चालतं, हेडलेसला टाळून चालत नाही.

मिरजेत, तुझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर, पिढ्यानपिढ्या सतारी-तंबोरे घडवणारे लोक आहेत, लाकूड, जवारी, पडद्यांची समज त्यांच्याइतकी कोणाला नसेल. नेकचा किंवा बॉडीचा लाकडी भाग तुटला तर तिथे तुला चांगला हात मिळू शकेल. पण ब्रिजचा झिजलेला थ्रेड कुठलाच लाकूडकाम करणारा परत आणू शकत नाही, तो पार्ट बदलावाच लागतो. आणि इथे स्ट्रँडबर्गची एक गोष्ट मला फार आवडते, बऱ्याच मॉडेलमध्ये प्रत्येक तारेचं ब्रिज युनिट सुटं असतं, आणि हे हार्डवेअर कंपनी वेगळंही विकत आली आहे. एक युनिट गेलं तर एकच बदल. अर्थात परदेशातून मागवायचं म्हणजे शिपिंग, कस्टम ड्यूटी आणि काही आठवड्यांची वाट, ते गृहीत धर. कॉपी गिटारींवरचे ब्रिज मात्र मऊ झिंकचे असतात आणि त्यांची मापंसुद्धा एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणून तसली हेडलेस कोणी स्वस्तात देत असेल तर लांब राहा.

छोट्या गोष्टी पटकन सांगतो. भिंतीवरचं हँगर चालणार नाही कारण अडकवायला डोकंच नाही, स्टँड वेगळा लागेल. क्लिप ट्यूनर (डोक्याला चिमट्याने लावायचं सूर दाखवणारं यंत्र) लावायला जागा अवघड, पेडल ट्यूनर घे. साधी गिटार बॅग मोठी होते, म्हणून विकणाऱ्याकडून तिची मूळ बॅग मागूनच घे. ती लहान बॅग घेऊन एसटीत चढणं मात्र फार सुखाचं आहे, स्ट्रॅटपेक्षा वीतभर तरी लांबी कमी असते, रॅकवर बसते.

आतापर्यंतचं एकत्र करायचं तर, तुझी वजनाची अडचण ही गिटार खरोखर सोडवते, तारा साध्या चालतात, पार्ट मिळतात पण बाहेरून, आणि नेक तुझ्या हाताला जमते का हे फक्त तूच सांगू शकतोस.

वापरलेली आहे म्हणून बघायला जाताना काय तपासायचं ते सांगतो. पहिलं म्हणजे खरी आहे का. स्ट्रँडबर्गसारख्या दिसणाऱ्या, नावसुद्धा टाकलेल्या नकली गिटारी बाजारात फिरतात. सिरियल नंबरचा फोटो घे आणि कंपनीला मेल करून विचार, आणि बिल असेल तर बघ. मग सहाही नॉब पूर्ण खाली-वर फिरवून बघ, एकही अडकला, घसरला किंवा करकरला तर किंमत कमी करायला सांग. वरच्या टोकाचे तार दाबणारे स्क्रू बघ, त्यांची खाच गोल झाली असेल तर आधीच्या मालकाने चुकीच्या मापाची की वापरलीय. झिरो फ्रेटवर बोट फिरव, तारांनी खोल चरे पाडले असतील तर उघडी तार झणझणते आणि तो फ्रेट बदलावा लागतो. नेक बाजूने, डोळा लावून, सरळ आहे का बघ आणि ट्रस रॉड (नेकचा बाक कमी-जास्त करायची आतली सळई) फिरतो का ते मालकासमोर तपास. शेवटी बाराव्या फ्रेटला इंटोनेशन, म्हणजे तिथेही सूर बरोबर लागतो का ते, बघ, कारण या ब्रिजवर इंटोनेशन लावणं नेहमीपेक्षा वेळखाऊ असतं, तार सैल करा, स्क्रू ढिला करा, सॅडल सरकवा, परत ट्यून करा, असं सहा वेळा. म्हणून बरेच लोक ते करतच नाहीत. बिघडलेलं असेल तर घाबरू नको, ते दुरुस्त होतं, फक्त सेटअपचा खर्च मोज.

रीसेलबद्दल खरं बोलतो. फेंडर विकायला काढलीस तर आठवड्यात फोन येतात, कारण तिला गिऱ्हाईक सगळीकडे आहे. हेडलेसचं गिऱ्हाईक मुंबई, पुणे, बंगळुरूकडच्या प्रॉग-मेटल-फ्यूजन वाजवणाऱ्या पोरांमध्ये आहे, ते लोक किंमत बरोबर देतात पण थोडे आहेत, वाट बघावी लागते. तुला सहा महिन्यांत पैशांची गरज पडण्याची शक्यता असेल तर ही गिटार घेऊ नको. वापरलेली घेतोयस ही चांगली बाजू, पहिली मोठी घट आधीच्या मालकाने सोसलीय.

आणि लाख हा आकडा जड वाटत असेल तर इबानेझच्या क्यू सिरीजमधली हेडलेस एकदा बघ, भारतातल्या दुकानांत मिळते, नेक गोल असते त्यामुळे स्ट्रॅटवाल्या हाताला पटकन बसते, स्टेनलेस फ्रेट असतात. स्टाइनबर्गर स्पिरिटसुद्धा वापरलेली दिसते अधूनमधून, पण ती जुन्या ग्राफाइटवाल्या स्टाइनबर्गरसारखी नाही, लाकडी आहे, बॉडी एवढीशी असल्यामुळे बसून वाजवायला मांडीवर टेकायचा आधार उघडावा लागतो, आणि तारांचा प्रश्न वर सांगितलाच. तुझ्यासाठी मी ती तिसऱ्या नंबरवर ठेवीन.

माझं मत विचारशील तर, रुंद पट्ट्याने महिनाभरात फरक पडला नाही, नेक तासभर वाजवून हाताला पटली, आणि सिरियल नंबर खरा निघाला, तर ही बोडेन घे, पण स्ट्रॅट विकू नको. किमान वर्षभर दोन्ही ठेव. गिगला ही ने आणि स्ट्रॅट बॅकअपला, म्हणजे एखादा पार्ट मागवायला लागला तरी तुझा शो अडत नाही. पट्ट्यानेच फरक पडला तर काहीच घेऊ नको, आणि नेक पटली नाही किंवा सिरियल नंबर खोटा निघाला तर मित्रांचं ऐक आणि फेंडरच घे, फक्त घेताना वजनकाटा सोबत ने, कारण एकाच मॉडेलच्या दोन स्ट्रॅटमध्येसुद्धा अर्धा किलोचा फरक सापडतो.

बघायला जाशील तेव्हा तू नेहमी वापरतोस त्याच गेजच्या (जाडीच्या) तारांचा नवा सेट घेऊन जा आणि मालकाला विचारून निदान एक तार तिथेच स्वतः बदलून बघ. ते करताना कुठला स्क्रू अडला, नॉब कसा फिरला, झिरो फ्रेट कसा दिसला, याचे फोटो इथे टाक, बघून सांगतो.